वकिलाच्या गळ्यातला पट्टा

माझा मामा बॅगा, पर्स, पट्टे आणि चपला दुरुस्त करतो, आणि स्वतःच्या अंगावर घालून बघितल्याशिवाय एकही वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. शाळेचं दप्तर असेल तर त्यात विटा भरून पाठीवर अडकवतो आणि दुकानासमोर येरझाऱ्या घालतो. कंबरेचा पट्टा असेल तर आपल्या पोटावर आवळून उठाबशा काढतो. बायकांच्या पर्सा खांद्याला लावून कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो. एकदा लाल मण्यांची झालरवाली पर्स लावून तो असा ऐटीत निघाला की समोरचा चहावाला म्हणाला, "मामा, मुलगी बघायला का?" मामा म्हणाला, "टाका तपासतोय." त्यात हसण्यासारखं काय होतं ते त्याला अजून कळलेलं नाही.

मी त्याच्या दुकानात शिलाई मशीनवर बसते. चेन बदलणं, अस्तर लावणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं ही कामं माझी. बोलण्याचं काम माझ्याकडे अशासाठी, की मामा बोलतच नाही. "झालं", "उद्या", "बघतो" एवढ्यावर त्याचा दिवस निघतो. मामीने त्याच्याबरोबर इतकी वर्षं संसार कसा केला, देव जाणे. मला अर्ध्या तासात घुसमटायला होतं आणि मग मी उगाच त्याच्यावर डाफरते. तो म्हणतो, "बरं."

मामा बोलतो तो एकाशीच, त्याच्या कुत्र्याशी. तपकिरी रंगाचा, एक कान मोडून खाली पडलेला. नाव वकील. पिल्लू होता तेव्हापासून त्याला खोड, कोणी काही बोललं की उत्तर द्यायचंच. आपणहून तो कधी भुंकायचा नाही. मांजर नाकासमोरून गेलं तरी ढिम्म. पण मामाने "काय वकीलसाहेब, आज ऊन आहे ना?" असं विचारलं, की लगेच, "भू!" दिवसभर दोघांचं हे चाललेलं. मी मशीन चालवत ऐकायची आणि मनात म्हणायची, माझ्याशी बोलताना मात्र ह्याची जीभ टाळूला चिकटते.

मग मामी लेकीकडे गेली. लेकीचं बाळंतपण, त्यात बाळ अशक्त, म्हणून मामीचा मुक्काम लांबला. ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा दुकानात आला तो छातीशी लोखंडी ठोकळा धरून. ह्या ठोकळ्यावर ठेवून तो चपलांना खिळे मारतो. तो बरेच दिवस सापडत नव्हता, आणि मामा दगडावर काम भागवत होता.

"कुठे होता?" मी विचारलं.

"घरी. झोपायच्या खोलीच्या दाराला लावून ठेवला होता तिने." मामा इतका वैतागला होता की चक्क पूर्ण वाक्यं बोलत होता. "चौकट वाकलीय, दार आपलं आपण मिटतं, म्हणून. आता दार मिटलं तर मिटलं! हत्यार आहे हे, दार अडवायला आहे का?"

"मामीला फोन करून ओरड," मी म्हटलं, आणि ती गोष्ट तिथेच संपली. म्हणजे मला तसं वाटलं.

त्यानंतर वकील रात्री भुंकायला लागला.

साधंसुधं नाही, सगळी गल्ली उठून बसेल असं. घरातल्या बोळात, अंधारात उभा राहून, झोपायच्या खोलीच्या बंद दाराकडे तोंड करून, जीव तोडून भुंकायचा. सगळ्यांनी निदान केलं, मामीची आठवण येते. बिचारं मुकं जनावर. मामाने त्याला संध्याकाळी लांब फिरवून आणला, उशिरा खायला घातलं, मामीची जुनी शाल अंथरून दिली. वकील शालीवर नीट झोपायचा आणि रात्री उठून भुंकायचा.

"मला काही समजत नाही," मामा म्हणायचा. "मी जागा होतो, दार उघडतो. तो समोर उभा. मला बघितलं की गप्प! शेपटी हलवतो. मग मला वाटतं, मी कशाला उठलो?"

"त्याला आत घे ना खोलीत."

"पलंगावर चढतो. तिला चालत नाही."

"मामी आहे का इथे?"

"नसली तरी तिला चालत नाही," मामा म्हणाला.

वरच्या मजल्यावर मालकीणबाई राहतात. घर त्यांचं. त्यांचं दूध केंद्र आहे, उजाडायच्या आत ते उघडावं लागतं. बाई वाईट नाहीत, उगाच कशाला खोटं बोलू? पण झोपेचं खोबरं झालं की कोणाचंही डोकं फिरतं. एक दिवस त्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभ्या राहिल्या, डोळे सुजलेले.

"मामा, माझ्या भावाच्या लाकडाच्या वखारीत राखणीला कुत्रा हवाच आहे. हा महिना बघते. नाही थांबला तर तिथे नेऊन बांधू. भुंकू दे तिथे लाकडांवर."

मामा आरी हातात धरून तसाच बसला. बाई गेल्यावर त्याने वकिलाकडे बघितलं. त्या दिवशी त्याने दोऱ्याला मेण लावलं आणि तोच दोरा पुन्हा पुन्हा मेणावरून ओढत राहिला. मला दिसायला लागलं, वखारीत साखळीला बांधलेला वकील, आणि इथे मामा एकटा, आणि माझ्यासारखी वटवटी भाची. त्या माणसाचं बोलणंच बंद पडलं असतं.

म्हणून मीच घरी विषय काढला, आणि आमच्या ह्यांनी मोबाइलवर शोधून तो पट्टा मागवला. भुंकणं थांबवणारा पट्टा. पट्ट्याला काडेपेटीएवढी डबी. कुत्रा भुंकला की डबी आधी पिकपिक करते, मग थरथरते, आणि तरी ऐकलं नाही तर बारीकसा विजेचा धक्का देते. "बारीकसा" हा शब्द आमच्या ह्यांचा. ते सगळ्याच बाबतीत असं बोलतात, दाढ काढायची तरी "बारीकसं काम" म्हणतात.

मामाने पट्टा हातात घेतला, वास घेतला आणि तोंड वाकडं केलं. "रेक्झिन." मग मनगटाला बांधून ओढून बघितला, बक्कल तपासलं, पंचाने एक जास्तीचं भोक पाडलं, कडा घासून गुळगुळीत केली. "ठीक."

"मामा, पट्टा तपासलास. डबी कोण तपासणार?"

"डबी कंपनीने तपासली असेल," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा ह्या माणसाने दुसऱ्याच्या तपासण्यावर विश्वास ठेवला, तो नेमका इथे.

पट्टा चढवला आणि वकील गप्प झाला. पहिल्या रात्री म्हणे एकदाच केविलवाणा ओरडला, मग नाही. मालकीणबाईंनी केंद्रावरून ताजं दूध पाठवलं. मी खूश, आमचे हे तर जणू पट्टा आपणच बनवल्यासारखे छाती काढून फिरत होते. फक्त मामा काही खूश दिसेना.

वकील दिवसासुद्धा गप्प झाला होता. "काय वकीलसाहेब?" म्हटलं की तो मान वर करायचा, तोंड उघडायचा, आणि मग खाली मान घालून मशीनच्या मागे जाऊन बसायचा. पट्टा दिवसा काढून ठेवला तरी तेच. मामा पुन्हा विचारायचा, मऊ आवाजात, "काय हो, ऊन आहे ना?" उत्तर नाही. मग मामाही गप्प. दुकानात नुसता माझ्या मशीनचा आवाज. मला तर वेड लागायची पाळी आली.

आणि मामाची तब्येत बिघडली. दुखणं असं काही नाही, पण सकाळी यायचा तो ओझं वाहून आल्यासारखा. डोळे लाल. एका बाईची पर्स दुसरीला दिली. बुटाला टाच उलटी ठोकली. एका बॅगेला चेन बसवली ती आतल्या बाजूने उघडणारी.

"मामा, ह्या बॅगेत कोणी आत बसून चेन उघडायची आहे का?" मी ओरडले.

त्याने बॅगेकडे कितीतरी वेळ बघितलं. "अगं, मी रात्रभर झोपतो," तो म्हणाला. "आता तर कुत्राही उठवत नाही. पडलो की सकाळ. तरी उठतो तेव्हा अंग मोडून आलेलं असतं. आणि उशी ओली."

"घाम?"

"डोळ्यांपाशी ओली," मामा म्हणाला, आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच ओली केली. "आणि दाराला खाली ओरखडे. बाहेरून. उंदीर असतील का?"

उंदीर आणि रडू ह्यांचा मेळ कुठे घालायचा?

ह्या गोंधळात मालकीणबाईंनी भर घातली. एका सकाळी येऊन त्या मामासमोर कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "कुत्रा थांबला, उपकार झाले. आता तुम्ही थांबा."

"मी?"

"तुम्ही रात्री ओरडता."

"मी दिवसा बोलत नाही, रात्री कशाला ओरडू?"

"ते मला काय विचारता? पुरुषाचा आवाज येतो खालून. शब्द कळत नाहीत, पण ओरडणं कळतं. घरात कोण येतं?"

"कोणी नाही!"

"मग तुम्हीच. मामा, वहिनी नाहीत म्हणून घेता का थोडी?"

मामाने कधी दारूचा थेंब घेतलेला नाही. तो इतका लाल झाला की मला मध्ये पडावं लागलं. मी म्हटलं, टीव्ही असेल. बाई म्हणाल्या, टीव्ही तर मामी इथे होती तेव्हाच बिघडलाय. मी म्हटलं, शेजारचा असेल. बाई म्हणाल्या, शेजारी कुलूप आहे. मग माझ्याकडचं सगळं संपलं. बाई गेल्यावर मामा म्हणाला, "त्यांना आम्हाला काढायचंच आहे. कुत्र्याचं निमित्त गेलं, आता दुसरं शोधलं." मला ते पटलं नाही, कारण बाईंचा चेहरा भांडणाचा नव्हता, घाबरलेला होता. पण मग खरं काय? माझं डोकं भणभणायला लागलं.

मामाने आपल्या परीने तपास लावला आणि गुन्हेगार ठरवला: डबी. कुत्रा मलूल झाला तो डबीमुळे, आणि डबीतून काहीतरी लहरी बाहेर पडतात, त्याने आपलंही अंग मोडतं. ओरडण्याचा आवाजही कदाचित डबीतून येत असेल. मी कपाळावर हात मारला.

"तेव्हाच म्हटलं होतं, डबी तपास म्हणून!"

"तपासतो," मामा म्हणाला, आणि पट्टा घेऊन त्याने स्वतःच्या गळ्यात बांधला.

दुपारची वेळ होती. जेवणं झाली की आम्ही शटर अर्धं ओढून घेतो. मामा स्टुलावर ताठ बसला, डबी नरड्यावर टेकलेली, आणि अत्यंत सभ्यपणे म्हणाला, "भू." काही झालं नाही. "भू भू." काही नाही. मी हसून हसून मशीनवर डोकं टेकलं. वकील बाजूला येऊन बसला आणि मान तिरकी करून त्याच्याकडे बघत राहिला. बिनपट्ट्याचा, मोकळ्या गळ्याचा.

"बिघडलाय," मामा म्हणाला. "थोडा वेळ राहू दे गळ्यात. लहरी येतात का बघू." आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या त्याचा डोळा लागला. इतके दिवस थकलेला माणूस. मी त्याला उठवलं नाही. उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती म्हणून शटर आणखी खाली ओढलं, जवळजवळ जमिनीपर्यंत, आणि पुन्हा कामाला लागले.

तेवढ्यात मागून आवाज आला. आधी मला कळेचना कोणाचा. बारीक, कोवळा, घाबरलेला आवाज, आणि निघत होता माझ्या पांढऱ्या मिशांच्या मामाच्या तोंडातून.

"दार उघडा... दार उघडा ना... मी आत आहे!"

डबीने पिकपिक केलं. "मी आत आहे हो!" मामा आणखी मोठ्याने ओरडला, हात हवेत, जणू समोर फळी आहे आणि तो ती बडवतोय. डबी थरथरली. वकील ताडकन उठला. इतक्या दिवसांत तोंड न उघडलेला वकील मामाच्या तोंडाशी तोंड नेऊन भुंकला, "भू! भू! भू!" आणि त्याच क्षणी डबीने धक्का दिला. मामा किंचाळून स्टुलावरून खाली आला, खिळ्यांचा डबा उलटला, आणि मी धावत जाऊन शटर वर फेकलं.

बाहेर मालकीणबाई उभ्या होत्या, तुटलेल्या बंदाची पिशवी हातात घेऊन. "हाच," त्या म्हणाल्या. त्यांचा रंग उडाला होता. "हाच आवाज. रात्रीचा."

मामा खिळ्यांमध्ये बसला होता. त्याने गळ्यातला पट्टा ओरबाडून काढला, मानेवर हात फिरवला, आणि पहिलं वाक्य बोलला ते वकिलाकडे बघून.

"हे तुला रोज?" त्याने कुत्र्याचा गळा चाचपला. "अरे, हे मी तुला रोज...?" आणि कुत्र्याच्या गळ्यात पडून माझा मामा भर दुपारी, मालकीणबाईंसमोर, हुंदके देऊन रडला. मी पण रडले. बाई खिळे गोळा करायला लागल्या, कारण कोणाला तरी काहीतरी करायला हवंच होतं.

जरा वेळाने मी त्याला सांगितलं, तू झोपेत काय ओरडलास. त्याचा चेहरा कोरा झाला. मग मी मामीला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"मामी, मामा झोपेत ओरडतो?"

"हो," मामी म्हणाली, जसं काही मी विचारलं होतं की मामा जेवतो का.

"तुला माहीत होतं?"

"लग्नापासून. खांद्यावर हात ठेवला की गप्प होतात, कूस बदलतात. त्यात सांगायचं काय? काय झालंय?"

मामाने फोन ओढून घेतला. "मी काय ओरडतो?"

पलीकडून बाळाचं कुरकुरणं ऐकू आलं. मग मामी हळू आवाजात म्हणाली, "तुम्ही लहान असताना ज्या कारखान्यात कामाला होता, तिथे रात्री मालाच्या खोलीत झोपायचात. मालक बाहेरून कुलूप लावून परगावी गेला आणि तुम्ही आत आहात हे विसरला. तेच."

"हे मी तुला कधी सांगितलं?" मामा म्हणाला. "मी कोणालाच सांगितलेलं नाही. आईला सुद्धा नाही."

"तुम्हीच सांगितलंत. झोपेत. थोडं थोडं करून."

मामा स्टुलावर टेकला.

"म्हणून तर मी खोलीचं दार कधी मिटू देत नाही," मामी म्हणाली. "दार मिटलं की जास्त होतं तुम्हाला. तो लोखंडी ठोकळा लावलेला आहे ना दाराला?"

ठोकळा मामाच्या समोरच होता. एक चप्पल त्याच्यावर पालथी पडलेली. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत राहिलो, आणि मामी फोनमधून विचारत राहिली, "अहो, आहे ना? ऐकताय ना?"

"आहे," मामा म्हणाला.

मला एकेक गोष्ट आता कुठे उमजायला लागली. वकिलाला कोणाची आठवण वगैरे येत नव्हती. बंद दाराआडून त्याचा माणूस ओरडत होता, मी आत आहे, मी आत आहे, आणि तो बाहेरून उत्तर देत होता. त्याच्या उत्तराने मामा जागा व्हायचा. आम्ही शहाण्या माणसांनी त्याचं तोंड बंद केलं, मग तो नखांनी दार खरवडत बसला, आणि मामा आत ते सगळं सकाळपर्यंत भोगत राहिला. माझी मलाच चीड आली.

मालकीणबाई उठल्या, पिशवी पुढे केली. "बंद लावून ठेवा. आणि वखारीचं मी भावाला सांगते, दुसरा बघ म्हणून." जाताना वळून मामाला म्हणाल्या, "मी दारूचं बोलले, ते मनावर घेऊ नका."

"बरं," मामा म्हणाला.

ठोकळा दुकानात हवा होता, रोजचं हत्यार ते. म्हणून मामाने त्या पट्ट्याची डबी आरीने उसवून काढली आणि मला दिली, म्हणाला, तुझ्या नवऱ्याला परत दे. उरलेला पट्टा खिशात घातला आणि वकिलाला घेऊन घरी गेला.

दुसऱ्या दिवशी मी दुकानाआधी त्याच्या घरी गेले. मला राहवलंच नव्हतं. खोलीचं दार सताड उघडं, कडी आणि खिडकीचा गज ह्यांच्यात तो पट्टा आवळून बांधलेला, बक्कल लावलेलं. मामाने नक्कीच ओढून बघितला असणार. वकील पलंगावर, मामीच्या बाजूला, पाय ताणून झोपलेला. मामा हसतमुख, चहा गाळत होता.

"ओरडलास का रात्री?"

"मला काय माहीत? मी झोपलो होतो." मग वकिलाकडे वळून, "काय वकीलसाहेब, ओरडलो का मी?"

वकिलाने एक डोळा उघडला आणि पडल्या पडल्या उत्तर दिलं, "भू."

मामाने माझ्या हातात कप दिला आणि तो जरा त्रासून म्हणाला, "तेवढं बाईंना सांग, वर नळ गळतोय वाटतं. पाणी खाली झिरपतंय. बघ ना."

त्याच्या बनियनचा डावा खांदा ओलाचिंब होता. वकिलाच्या तोंडाएवढा गोल डाग, वर दोन तपकिरी केस चिकटलेले. मामा मान मागे टाकून छत निरखत होता, छत कोरडं ठणठणीत, आणि त्याला काही केल्या कळत नव्हतं की पाणी नेमकं येतंय कुठून.

"सांगते," मी म्हटलं, आणि चहा प्यायला खाली बसले.